फायब्रस म्हणजे नेमकं काय

३ डिसेंबर, बुधवार

बाबांना अखेर इकडे रोह्याजवळ, वरसेला माझ्या घरी घेऊन आले. निलेश टेम्पोतून सोडायला आला होता, तोंड फुगवून. फुगव म्हटलं बापडा. पेणला त्याच्या घरी राहून बाबांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याचा घोटसुद्धा उलटून यायला लागला तेव्हा कुठे नवराबायकोला डॉक्टर आठवले.

मागच्या आठवड्यात दुर्बीण घालून अन्ननळी रुंद केली. कॅन्सर नाही हे ऐकल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडले. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं पित्त वर येऊन आत व्रण झाला, तो भरताना तिथे फायब्रस टिश्यू तयार झाला आणि नळी आवळली गेली. निघताना म्हणाले, "सगळं मऊ द्या. फायब्रस काहीही नको." निलेशनं शहाण्यासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर विचारलं, काय कळलं? तर म्हणे, "फायबरच्या टाक्या असतात ना ताई, तसला काय तरी." मी अठरा वर्षं इंग्रजीचे क्लास घेते आणि हा माझा सख्खा भाऊ.

बाबांचं वजन अठ्ठेचाळीस किलो. मिठागरावर उभा जन्म मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिलेला माणूस तो. पंचेचाळीसच्या खाली गेलं तर पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल, अन्न मग तिथूनच. हे डॉक्टर बाबांच्या समोर बोलले. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

नळी बसू द्यायची नाही. माझ्या घरात तर नाहीच नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

फायब्रस. विशेषण. तंतुमय, धागेदार. उपयोग: भाताचं मूळ फायब्रस असतं, अंबाडीचं साल, नारळाची शेंडी. माणसाला फायब्रस म्हणत नाहीत.

मी मुलांना हे असं सांगते आणि पुढच्या शब्दाकडे जाते. आज स्वयंपाकघरात उभी राहिले तर एवढ्यावर भागेना. तंतुमय हा शब्द ताटाशी बसून कोण बोलतं? आपण शेंगेला दोर म्हणतो, आंब्याला रेषा, भेंडी जून, मटण चिवट, उसाचा राहतो तो चोथा. इंग्रजांनी एका शब्दात सगळं उरकलं आणि निस्तरायचं मी.

शेवगा बाद. सुरण बाद, कधीकधी धागे निघतात. पालेभाजी देठासकट बाद. मेथीची नुसती पानं चालतील का? वाटून, गाळून चालतील. सुकट बाद, सुके बोंबील अर्थातच बाद. कोंबडी बाद. मुगाचं वरण गाळून. पेज गाळून. चहाची गाळणी आता बाबांची, चहाला दुसरी आणली.

बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "बरा. तू जेवलीस का?"

७ डिसेंबर, रविवार

बाबा जेवताना मी समोर बसते. एका हाताशी पाणी, दुसऱ्या हाताशी टॉवेल. प्रत्येक चमचा गळ्याखाली उतरला की मगच पुढचा. "गिळलंत?" असं विचारते, ते मान हलवतात. अजून एकदाही अडकलं नाही. निलेशच्या बायकोला, दिपिकाला फोन करून मुद्दाम सांगितलं. ती "बरं झालं ताई" एवढंच म्हणाली. पोटात दुखलं असणार.

एकच खोड लागलीय बाबांना. जेवण झालं की बाथरूममध्ये जातात आणि नळ पूर्ण सोडून ठेवतात. बादली भरून वाहत असते. म्हटलं, बाबा, वरसेला पाणी दिवसाआड येतं. "तोंड धुतो गो," म्हणाले. एवढा वेळ तोंड धुवायला यांनी दाढी वाढवलीय की काय!

११ डिसेंबर, गुरुवार

क्लासमध्ये मुलांना सांगितलं, घरातून एकेक फायब्रस वस्तू आणा. म्हटलं शब्द पक्का होईल आणि मलाही कळेल आपल्या बाजारात काय काय आहे ते. टेबलावर काथ्या, उसाचं कांडकं, जून पडवळ, केळफूल, आंब्याची जुनी कोय. किमयानं आल्याचा तुकडा आणला. मी म्हटलं, आलं? तिनं मोडून दाखवलं, आत केसासारखे धागे. मी गेले आठ दिवस बाबांच्या वरणात आलं घालतेय. किसून का होईना, पण घालतेय.

किमयानं मग विचारलं, "मॅम, पॅकेटवर हाय फायबर लिहिलेलं असतं ते चांगलं ना? मग फायब्रस वाईट कसं?" मी फळ्यावर दोन शब्द लिहिले. फायबर हे पोटाला लागतं, दिसत नाही, विरघळूनही जातं. फायब्रस हे दाताला, जिभेला, गळ्याला कळतं. पिकल्या पपईत फायबर भरपूर, पण ती फायब्रस नाही. सांगताना मलाच बरं वाटलं. घरी येऊन बाबांना पपई कुस्करून दिली. गाळून. दोन चमचे खाल्ली.

आलं बाद.

१६ डिसेंबर, मंगळवार

जगन चिडवतो. कंपनीतून आला की दारातूनच विचारतो, "आज काय काय फायब्रस निघालं?" काल म्हणाला हायवे फायब्रस झालाय, वडखळपासून नागोठण्यापर्यंत डांबर उसवून नुसते दोरे लोंबतायत. मी सांगितलं, रस्त्याला तो शब्द लागत नाही. म्हणाला, "मग माझ्या बायकोला लागतो का?"

त्याच्यावरही राग आहे. दोन आठवडे घरात मासळी शिजली नाही. बाबांच्या समोर आपण बोंबील चापायचे, हे मला जमणार नाही. मीही तेच खाते जे बाबा खातात, पातळ पेज आणि वरण. जगन मात्र कँटीनमध्ये मांदेली खाऊन येतो, त्याच्या बोटांना वास येतो.

बाबांनी आज परत विचारलं, "तू काय जेवलीस?" म्हटलं तुमच्याबरोबर पेज. त्यांनी अर्धी वाटी तशीच ठेवली आणि म्हणाले पोट भरलं.

२२ डिसेंबर, सोमवार

पेणला दाखवून आणलं. वजन साडेसेहेचाळीस.

मला वाटलं काटा बिघडलाय. मी स्वतः उभी राहून पाहिलं. माझंही वजन उतरलंय, म्हणजे काटा बरोबर.

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "काय आजोबा, घास अडकतो का?" मी सांगितलं, एकदाही नाही, फायब्रस मी घरातच येऊ देत नाही. ते म्हणाले, "मी त्यांना विचारलं." बाबा म्हणाले, "नाय." मग डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, अडकत नाही म्हणजे अन्ननळी उघडी आहे, मग खाणं वाढवा, भूक का नाही ते बघू. तुटक बोलतात जरा. पेशंटची लेक बोलली तर काय बिघडलं यांचं?

२३ डिसेंबर, मंगळवार

वरण दोनदा गाळलं. बाबांनी चार चमचे घेतले. नळ.

२९ डिसेंबर, सोमवार

आज संताप झाला.

बाबा संध्याकाळी नदीच्या बाजूला फिरून येतात. आज कोपऱ्यावरचा चहावाला मला हसून म्हणतो, "बाबा आमचं गिऱ्हाईक झालंय हां. रोज चहात बुडवून बटर खातात." बटर! मैद्याचा कोरडा गोळा! घशात बसला असता म्हणजे? मी घरी येऊन नको नको ते बोलले. एवढं मी मरमर करते, घरात मीठ-मिरचीचा वास नाही, आणि तुम्ही रस्त्यावर चोरून खाता?

बाबा म्हणाले, "अडकला नाय गो. हळूहळू खातो. तिथं कोन घाई करत नाय."

मी घाई करते? मी एकेका चमच्याला थांबते!

फिरणं बंद केलं. गच्चीत फिरा म्हटलं. गेले गच्चीत. मी खालून बघितलं तर एका जागी उभे होते.

२ जानेवारी, शुक्रवार

बाबा बोलायचे बंद झालेत. विचारलं तेवढंच. पूर्वी मिठागराच्या गोष्टी सांगायचे, उधाणात बांध फुटला आणि चौघांनी पाठीनं कसा धरला ती तर मला पाठ आहे. आता सांगत नाहीत. जगन म्हणतो, "म्हाताऱ्याला पेणला सोडून ये चार दिवस." त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मला स्वस्थ बसवत नाही. शिकवताना अर्धं लक्ष आतल्या खोलीत. खोकला आला की खडू ठेवून धावते. मुलं आता हसतात. कपडे वाळत घालताना मध्येच टाकून येते आणि बघते की श्वास चाललाय ना. आईच्या वेळी मी क्लासवर होते. ती स्वयंपाकघरात पडली आणि कुणाला कळलं नाही. हे आज का आठवलं?

८ जानेवारी, गुरुवार

पंचेचाळीस किलो आणि वर काही ग्रॅम.

डॉक्टर म्हणाले, एकोणीस तारखेला या, तोवर सुधारणा नसेल तर नळीचा निर्णय घेऊ. मी विचारलं, मी काय कमी केलं? ते म्हणाले, "तुम्ही कमी काही केलेलं नाही." मग मी म्हटलं, पपईसुद्धा गाळून देते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पपई कशाला गाळता?"

येताना गाडीत बाबा झोपले होते. मनगट इतकं बारीक झालंय की घड्याळ कोपरापर्यंत जातं. मी ते काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं.

१३ जानेवारी, मंगळवार

आज भोगी. भोगीची भाजी म्हणजे फायब्रसचं संमेलनच: वाल, पावटा, गाजर, वांगं, शेवगा, बोरं. आई बाजरीच्या भाकरीबरोबर करायची. मी केली नाही. शेजारणीनं वाटीभर आणून दिली, ती फ्रिजच्या मागच्या बाजूला लपवली. मग बाबा गच्चीत असताना उभ्या उभ्या बोटानं थोडी खाल्ली आणि रडू आलं. भुकेचं होतं की कशाचं, माहीत नाही.

मागे वळले तर बाबा दारात. "खा गो," म्हणाले. मी वाटी ठेवून दिली. ते निघून गेले. संध्याकाळी दोन चमचे पेज, बस.

कासूहून शकूआत्याचा फोन आला. शनिवारी शेतात पोपटी लावणार आहेत, मडक्यात शेंगा भाजायची, दादाला घेऊन ये. मी म्हटलं आत्या, वालाच्या शेंगा? एकोणीस तारखेला नळीचं ठरायचंय आमचं. आत्या म्हणाली, "मग तर आनच. पोटात भोक पडल्यावर काय पोपटीचा वास घ्यायला आनशील?"

उचलली जीभ. पण फोन स्पीकरवर होता. आतून बाबांचा आवाज आला, "जाऊया." या महिन्यात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

१८ जानेवारी, रविवार

काल लिहायला बसले नाही. आज सगळं लिहिते, जसं झालं तसं.

दुपारच्या गाडीनं रोह्याहून कासूला उतरलो. माझ्या पिशवीत गाळलेल्या खिमटाचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, टॉवेल. निलेश आणि दिपिका पेणहून आले होते. दिपिकानं बाबांना पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला काही म्हणाली नाही, ते जास्त लागलं.

शेतात मडकं तयार होतं. बाबांनी कोट काढला, बांधावर ठेवला आणि सरळ खाली बसले. "बाजूला व्हा," म्हणाले निलेशला. तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबला, वर वालाच्या शेंगा, मुठीनं जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, परत शेंगा, परत पाला. तोंड गच्च बंद करून मडकं उपडं केलं, भोवती पेंढा आणि लाकडं रचली. मला वाटलं दमतील. मी दोनदा पुढे झाले. दोन्ही वेळा आत्यानं माझा दंड धरला.

आमच्याकडे रीत आहे, ज्यानं मडकं लावलं त्यानंच ते उघडायचं आणि पहिला घास त्याचा. त्याला कोणी "खा" म्हणत नाही, कोणी "नको" म्हणत नाही. सूर्य टेकला होता. बाबांनी पाला ओढून काढला, वाफ आली. मी डबा उघडून उभी. बाबांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक शेंग घेतली, दातांनी दाणे ओढले, साल बाजूला टाकलं. दाणे किती तरी वेळ चावले. मग अर्धा बटाटा बोटांनी चुरून. मग अंडं घेतलं. अर्धं खाल्लं आणि थांबले.

मला कळलं. मान थोडी पुढे, डोळे एका जागी. अडकलं.

मी थर्मास घेऊन उठले. आत्यानं हाताला धरून खाली बसवलं. "बस गो. तो जाऊन येल." बाबा उठले, चालत बांधापलीकडे गेले, वाकले. खाकरल्याचा आवाज आला. दोनदा. इकडे निलेश दिपिकाला विचारत होता बटाट्यात मीठ लागलंय का. कोणीही बोलणं थांबवलं नाही. बाबांनी चूळ भरली, परत आले, बसले.

"निघाला का दादा?" आत्यानं विचारलं.

"निघाला," म्हणाले, आणि पुढचा बटाटा उचलला.

दिपिका हळूच म्हणाली, "आमच्याकडं पण असंच व्हायचं ताई. ते हाक मारत नाहीत तोवर मी उठत नव्हते. तुमच्याकडे नाय का अडकत?"

मी म्हटलं, नाही. एकदाही नाही.

आणि म्हणतानाच मला नळाचा आवाज ऐकू आला. भरून वाहणारी बादली. रोज, प्रत्येक जेवणानंतर.

परतीच्या गाडीत आमच्या डब्यात जवळजवळ कोणीच नव्हतं. मी विचारलं, "बाबा, माझ्याकडे रोज अडकायचं?" ते खिडकीतून अंधारात बघत होते. "रोज नाय," म्हणाले. मग नागोठणं गेल्यावर म्हणाले, "बरेचदा."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझा तोंड बघितलास का जेवताना?" बाबा म्हणाले. "तुझी आई गेली तवा व्हता, तसा व्हतो. घास तोंडाशी नेला की मना तेच दिसतं. मंग मना भ्या वाटतं. कमी खाल्ला की कमी अडकतं, असा केला."

लाज वाटली. सरळ लाज.

१९ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बाबांना बसवलं आणि मी मागे, भिंतीपाशी उभी राहिले. ओठ आत दाबून धरले होते.

बाबांनी सांगितलं. पहिल्या आठवड्यापासून अडकतं. आधी भात, मग वरण, आता पेजसुद्धा कधीमधी. परवा अंडं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अंडं? अंड्यात फायब्रस काय आहे?" मग माझ्याकडे वळून, पण रागानं नाही: "अहो, अन्न फायब्रस नव्हतं. अन्ननळी परत आवळली गेलीय. आतला व्रण फायब्रस आहे. असं पुष्कळदा होतं, पुन्हा रुंद करावी लागते. मला 'अडकत नाही' असं सांगितलं गेलं म्हणून मी भुकेचं औषध देत बसलो."

म्हणजे मी महिनाभर वरण गाळत होते, आणि दोर होता तो बाबांच्या गळ्यात होता. त्यांच्या गळ्यात होता हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला मराठीत सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलंय, तीन तारखेला. शब्दाचा अर्थ बघायला गेले आणि तो कशाला लागतो ते बघितलंच नाही.

पोटातली नळी तूर्त नाही. शुक्रवारी परत दुर्बीण. डॉक्टर म्हणाले, यापुढे अडकलं की त्याच दिवशी कळलं पाहिजे. "कुणी सांगायचं?" असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "मीच सांगेन." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

२३ जानेवारी, शुक्रवार

झालं. नीट झालं. आता थोड्या थोड्या दिवसांनी असं दोनतीनदा करावं लागेल म्हणाले.

मी निलेशला म्हटलं, बाबांना कुठे राहायचंय ते त्यांना विचारू. विचारलं. बाबा म्हणाले, "थोडे दिस हिच्याकडं, थोडे तुझ्याकडं. हिचा शिकवना मना ऐकाया बरा वाटतं." मी तोंड फिरवलं. निलेशनं मला टेम्पोत पुढे बसवलं आणि सगळ्या वाटेत ताई ताई करत होता. भांडायला तरी कोणी उरलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

बाबांना फिरायला जा म्हटलं. गेले. यायला उशीर झाला. मी तीनदा गॅलरीत गेले, पण खाली उतरले नाही. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण मला ते जड गेलं.

३० जानेवारी, शुक्रवार

सकाळी रोह्याच्या बाजारातून ओले बोंबील आणले. हात लावला की विरघळतील असे. दोन महिने मी यांनाही बाद केलं होतं, नाव एक म्हणून. पातळ कालवण केलं, आंबट, आईसारखं नाही जमलं. जगनची सुट्टी होती. तिघांची ताटं मांडली आणि मी समोर न बसता बाबांच्या शेजारी बसले, म्हणजे तोंड दिसायला नको.

बाबांनी काटा काढला, मऊ भात कालवला, खायला लागले. मी माझ्या ताटात बघत होते. कान मात्र त्यांच्याकडे, ते कुठे ऐकतात! जगन कंपनीतल्या कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होता. मी हो हो म्हणत होते.

मग बाबांचा हात थांबला. जगन बोलता बोलता थबकला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "मग? हॉल कुठला ठरला?" आणि भाताचा घास घेतला. चव काही लागली नाही. हॉल कुठला ते जगननं सांगितलं, तेही डोक्यात शिरलं नाही. बोटं भातात खुपसून ठेवली.

बाबांनी कोपरानं मला हळूच ढोसलं.

"पानी दे गो," म्हणाले. "अडकलाय."

मी उठले, तांब्यातून पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला, मान मागे केली, थांबले, दुसरा घोट घेतला. माझ्या तोंडाकडे सरळ बघत होते. माझं तोंड कसं होतं मला माहीत नाही.

"गेला," बाबा म्हणाले आणि परत भात कालवायला लागले. मीही खाली बसले आणि जेवले.